चाकोरी आणि भूकंप

ज्या मासिकांत कादंबऱ्यांचें व काव्यसंग्रहांचें परीक्षण यावयाचें, त्यांत शर्यतीच्या एका व्हिडिओ गेमचा विचार कशासाठीं, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, नांदेड-लातुराकडील आमच्या ओळखीच्या अनेक घरांत तरुण मंडळींनीं कादंबरीपेक्षां या प्रकारास अधिक रात्री दिल्या आहेत. आणि जी कृति माणसाच्या इतक्या रात्री घेते, तिचे गुणदोष पाहणें हें टीकाकाराच्या कक्षेबाहेरचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रस्तुत खेळाचें नांव 'मोटरस्टॉर्म'. इंग्लंडांतील रनकॉर्न येथील 'एव्होल्यूशन स्टुडिओज' या संस्थेनें तो रचला व सोनी कंपनीनें 'प्लेस्टेशन ३' या घरगुती यंत्रासाठीं प्रसिद्ध केला. पहिला भाग २००६ च्या डिसेंबरांत जपानांत व पुढील वर्षीं इतरत्र निघाला. दुसरा २००८ सालीं व तिसरा २०११ सालीं आला. रचणारी संस्था २०१६ सालीं बंद झाली. यंत्रही आतां जुनें झालें आहे. म्हणजे नवेपणाची भूल उतरल्यावर कृतीकडे पाहण्यास ही वेळ बरी आहे.

पहिल्या भागाचें स्थळ अमेरिकेंतील मॉन्युमेंट व्हॅलीचें तांबडें माळरान. मोटारसायकलीपासून अवजड मालमोटारींपर्यंत सात जातींचीं वाहनें एकाच शर्यतींत सोडलेलीं असतात. बांधीव सडक नाहीं. उंच कडेकपारींवरून हलक्या वाहनांची वाट, खालच्या चिखलांतून जड वाहनांची. खरी प्रतिभा आहे ती या चिखलांत. एखादी मालमोटार गेली कीं तिच्या चाकांचे चर मातींत उमटतात, पुढच्या फेरींत ते तसेच राहतात, आणखी खोल होतात, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलीस तेच चर आडवे येतात. मराठींत आपण 'चाकोरी' हा शब्द लक्षणेनें इतका वापरला आहे कीं ती मुळांत चाकाची कोर आहे, याचा आपणांस विसर पडला आहे. तो अर्थ आम्हांस या परदेशी खेळानें पुन्हा डोळ्यांसमोर आणून दिला. येथें चाकोरीबाहेर जाणें म्हणजे बंडखोरी नव्हे, तर चाक कोठें घालावें याचा क्षणार्धांत करावयाचा हिशेब आहे; आणि चाकोरी पाडणारा स्वतः पुढच्या फेरींत तींतच अडकूं शकतो.

दोषही सांगितले पाहिजेत. वाहन निवडतांना यंत्र इतका वेळ घेतें कीं तेवढ्यांत चहा होतो. घरांतल्या दोघांनीं एका पडद्यावर खेळण्याची सोय पहिल्या भागांत नाहीं. शर्यतीच्या खेळांत ही उणीव क्षम्य नव्हे. चिखलाविषयींही आमची एक तक्रार आहे, ती मराठवाड्याची म्हणून समजावी. आमची काळी जमीन पावसांत फुगते, उन्हांत भेगाळते, आणि ओली असतां चाकाला अशी धरते कीं चाक फिरावयाचेंच थांबतें. पावसाळ्यांत सायकल खांद्यावर घेऊन शेतवाट तुडविलेली पिढी अजून हयात आहे. खेळांतला चिखल गाडी मंदावतो, तिच्या अंगावर शिंतोडे उडवितो, परंतु चाकांत बसत नाहीं. देवणी किंवा लाल कंधारी बैलांची जोडी ओल्या रानांतून गाडी ओढतांना ज्यानें पाहिली आहे, त्यास हा फरक तत्काळ कळेल.

दुसऱ्या भागाविषयीं फारसें लिहिण्याजोगें नाहीं. स्थळ एक ज्वालामुखी बेट. पाण्यांत शिरल्यास तापलेलें इंजिन निवतें ही युक्ति चांगली, आणि चौघांनीं एकत्र खेळण्याची सोय झाली हें त्याहून चांगलें.

तिसऱ्या भागापाशीं मात्र आम्हांस थांबावें लागतें. त्याचें नांव 'मोटरस्टॉर्म : अपोकॅलिप्स'. माळरान जाऊन येथें एक कल्पित अमेरिकी महानगर येतें. त्यास भूकंप खिळखिळें करीत आहे, आणि शर्यत चालते ती पडत्या इमारतींतून. प्रथम खेळतांना आमचीही छाती धडधडली, हें आम्ही लपवीत नाहीं. समोरचा मनोरा कलतो आणि तोच रस्ता होतो, तो क्षण कोणासही भारून टाकील. परंतु लातुरास बहिणीच्या घरीं आमचा भाचा हाच भाग खेळत असतां शांतपणें म्हणाला, "मामा, आता डावीकडची इमारत पडेल, बघा." आणि ती पडली. दर खेपेस तीच इमारत त्याच जागीं पडते. खेळणाऱ्याच्या कोणत्याही कृतीचा तिच्याशीं संबंध नाहीं. पहिल्या भागांतली जमीन चाकाचा आघात स्मरणांत ठेवीत होती. तिसऱ्यांतली वेळापत्रकाप्रमाणें हलते. कलेच्या दृष्टीनें ही उतरण आहे.

त्याच खोलींत भाच्याची आजी बसली होती. तिचें माहेर औसा तालुक्यांतलें. कांहीं वेळ पडद्याकडे पाहून तिनें विचारलें, "त्या घरातली माणसं कुठं गेली रे?" मुलानें सांगितलें, "शहर आधीच रिकामं केलंय, आजी." ती उठून स्वयंपाकघरांत गेली.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां कोणतेंही गांव आधीं रिकामें झालेलें नव्हतें. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन झालेलें. लोक उशिरा निजलेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचें जड माळवद, जें उन्हाळ्यांत थंडावा देई, तेंच अंगावर आलें. लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारें १०,००० माणसें गेलीं. दख्खनचें पठार अचल आहे असा शास्त्रज्ञांचाही समज होता.

रचनाकारांस या प्रश्नाची जाणीव नव्हती असें नाहीं. शहर रिकामें करण्याची तजवीज त्यांनीं त्यासाठींच केली असावी. मागें राहिलेलीं जीं थोडीं माणसें दिसतात, तीं दंगेखोर. म्हणजे ज्याच्यासाठीं हळहळावें असा कोणी कथेंत उरूंच दिलेला नाहीं. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत प्रचंड भूकंप व त्सुनामी झाली, तेव्हां सोनीनें तेथील प्रकाशन थांबविलें व इंग्लंडांतील पुढें ढकललें. हें सौजन्य योग्यच होतें. तथापि त्यानें कृतीतला दोष भरून निघत नाहीं. संकटावर खेळ रचूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. नाटकें व काव्यें संकटांवरच रचलीं गेलीं आहेत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, माणसें वगळून भूकंप दाखविला म्हणजे उरतें तें केवळ नेपथ्य, आणि नेपथ्यावर तिसऱ्या खेपेस कोणाचें मन बसत नाहीं. भाच्याचेंही बसलें नाहीं.

त्यानें पुढें पहिला भाग लावला. आजी पुन्हा येऊन बसली. मालमोटारीनें पाडलेल्या चरांत त्याची गाडी रुतून चाकें फिरूं लागलीं, तेव्हां ती पुढें वाकून म्हणाली, "दगड घाल की रे चाकाखाली."