घरगुती उबवणी यंत्र : निवड कशाच्या आधारे?

किती अंडी बसतात, किंमत किती आणि 'ऑटोमॅटिक' आहे की नाही, एवढ्या तीन प्रश्नांवर घरगुती उबवणी यंत्राची खरेदी सहसा उरकली जाते. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही फारसे वेगळे दिसत नाही. टेबलावर यंत्र, शेजारी खोक्यात दोन पिल्ले आणि 'तापमान ३७.५ अंश' अशी पाटी लावली, की प्रकल्प पूर्ण झाला. पण या तीन प्रश्नांपैकी एकही अंड्याच्या बाजूने विचारलेला नाही. यंत्राची परीक्षा करायची तर २१ दिवस अंड्याला काय लागते इथून सुरुवात करायला हवी. चुकीच्या यंत्राची किंमत पैशांत थोडी असते. पण पूर्ण वाढ होऊन कवचातच गुदमरलेली पिल्ले पाहणे मुलांना आणि मोठ्यांनाही जड जाते.

मापदंड : खुडूक कोंबडी

सर्वांत जुने उबवणी यंत्र म्हणजे खुडूक बसलेली कोंबडी. डालग्यात दहा-बारा अंडी घेऊन ती बसते, पोटाच्या उघड्या कातडीने ऊब देते, चोचीने अंडी फिरवते, दिवसातून थोडा वेळ चारापाण्यासाठी उठते आणि पिल्ले निघाल्यावर त्यांना सांभाळतेही. तिला वीज लागत नाही. घरात दहा अंडी आणि एक खुडूक कोंबडी असेल, तर यंत्राची गरजच नाही, हे कोणताही विक्रेता सांगणार नाही. यंत्राचा उपयोग अंडी जास्त असतील, कोंबडी खुडूक बसत नसेल किंवा वाढीचा अभ्यास करायचा असेल तेव्हा. नुसती पिल्ले हवी असतील, तर कोल्हापूरला शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे चौकशी करणे अधिक सोपे.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. दुकानातली पांढरी अंडी ज्या फार्ममधून येतात, तिथे कोंबडे ठेवलेले नसतात. ती अंडी फलित नसतात, आणि जगातले सर्वोत्तम यंत्रही त्यांतून पिल्लू काढू शकत नाही.

पडद्यावरचा आकडा

बहुतेक यंत्रांच्या पडद्यावर ३७.५ किंवा ३७.८ असा आकडा दिसतो. हा आकडा पंखा असलेल्या यंत्राचा आहे. पंख्यामुळे हवा ढवळली जाते आणि पेटीत सगळीकडे तापमान जवळजवळ सारखे राहते. थर्माकोलच्या साध्या पेटीत बल्ब लावला आणि पंखा नसला, तर गरम हवा वर साचते. तळ आणि झाकण यांत दोन-तीन अंशांचाही फरक पडू शकतो. अशा पेटीत तापमान अंड्याच्या वरच्या पातळीवर मोजावे लागते आणि ते सुमारे ३८.५ ते ३९ ठेवावे लागते. म्हणजे 'तापमान किती' या प्रश्नाला 'कुठे मोजलेले' हे जोडल्याशिवाय अर्थ नाही.

दुसरा प्रश्न, आकडा खरा आहे का? पडद्यावर दशांश चिन्ह आहे म्हणून माप दशांशापर्यंत अचूक आहे असे नव्हे. तापमान सतत एक अंश जास्त राहिले, तर पिल्ले लवकर आणि अशक्त निघतात. एक अंश कमी राहिले, तर उशिरा निघतात आणि अनेक निघतच नाहीत. तेव्हा तपासणी हवीच. ताप मोजण्याचा चांगला थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. कोमट पाण्यात तो आणि यंत्राचा जलरोधक सेन्सर शेजारी धरून पाहावेत. सेन्सर पाण्यात घालण्याजोगा नसेल, तर थर्मामीटर पेटीत सेन्सरजवळ ठेवावा. प्रयोगशाळेतला थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासताना पलूसच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावे, की आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत. इथे पाणी १०० नव्हे, ९८ अंशांच्या आसपास उकळते.

आपली हवा, आपली खोली

यंत्रांच्या माहितीपत्रकांत एक गोष्ट क्वचितच असते : या यंत्रांना तापवता येते, थंड करता येत नाही. पलूसला एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत पारा ४० च्या पुढे गेला, तर थर्मोस्टॅट फार तर बल्ब बंद करील. त्यापलीकडे तो हतबल आहे. त्यात बारा-तेरा दिवसांनंतर वाढते गर्भ स्वतःच उष्णता देऊ लागतात. अठराव्या दिवशी एक अंडे सुमारे ०.१३ वॅट उष्णता देते. पन्नास अंड्यांची मिळून ती साडेसहा वॅट होते. गर्भ थोडी थंडी सोसतो, पण काही तास ४०-४१ अंश सोसत नाही. म्हणून उन्हाळ्यात यंत्राच्या दर्जापेक्षा खोलीची निवड महत्त्वाची ठरते. कौलारू, जाड भिंतीची, सावलीतली खोली उत्तम.

आर्द्रतेबाबतही असाच गैरसमज आहे. 'पावसाळ्यात हवा ओलीच असते, पाणी कशाला ठेवायचे?' असे विचारले जाते. बाहेर २५ अंश तापमान आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता असली, तरी तीच हवा पेटीत ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ४२ टक्क्यांवर येते. पाण्याची वाफ तेवढीच राहिली, हवेची वाफ सामावण्याची क्षमता वाढली. आपल्याला हवी आहे पहिले अठरा दिवस ५० ते ५५ आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. विज्ञानाच्या तासाला सापेक्ष आर्द्रता शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

स्वस्त आर्द्रतामापकावर मात्र फार विसंबू नये. त्यापेक्षा तराजू खरा. अठरा दिवसांत अंड्याचे वजन पाणी उडून सुमारे १२ टक्के घटायला हवे. दहा अंड्यांचे वजन ५०० ग्रॅम असेल, तर सहाव्या दिवशी ते ४८०, बाराव्या दिवशी ४६० आणि अठराव्या दिवशी ४४० ग्रॅमच्या आसपास हवे. वजन कमी घटत असेल तर पाणी कमी करा, जास्त घटत असेल तर वाढवा.

'ऑटोमॅटिक' म्हणजे काय?

बहुधा दोन गोष्टी : तापमान आपोआप राखणे आणि अंडी आपोआप फिरवणे. पहिली गोष्ट नवी नाही. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने उबवणीच्या पेटीचे तापमान आपोआप राखणारी युक्ती केली होती. दुसरी गोष्ट खरी सोयीची. अंडी फिरवली नाहीत तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. हाताने फिरवायची तर दिवसातून किमान तीन ते पाच वेळा, आणि विषम संख्येने, म्हणजे रात्रीच्या लांब अवधीत रोज तीच बाजू वर राहत नाही. घरी हे जमते. शाळेत जमत नाही; अठरा दिवसांत किमान दोन रविवार येतातच. म्हणून घरासाठी हाताने फिरवण्याचे यंत्र पुरेसे, शाळेसाठी मात्र आपोआप फिरवणारे घ्यावे. अठराव्या दिवशी फिरवणे बंद करायला ते विसरते, हे आपण विसरू नये.

वीज गेली तर?

हा प्रश्न खरेदीआधी विचारावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचा अनुभव घेतलेल्या कृष्णाकाठाला तो वेगळा समजावायला नको. यंत्र सरासरी ४० वॅट घेत असेल, तर १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची बॅटरी (४८० वॅट-तास) निम्मी वापरल्यास सहा तास निभावते. बॅटरी नसेल तर पेटीत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवाव्यात. पाणी उष्णता धरून ठेवते. सुरुवातीच्या दिवसांत तासाभराची वीजकपात फारसे नुकसान करत नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र पंखा बंद पडल्यावर हवेची भोके झाकू नयेत. तेव्हा पिल्लांना उबेइतकीच हवेची गरज असते.

थर्माकोलची घरगुती पेटी करणाऱ्यांसाठी दोन सूचना. पिवळ्या प्रकाशाचा जुना बल्बच ऊब देतो. एलईडी दिव्याला ते काम जमत नाही. आणि तापलेला बल्ब थर्माकोलला लागू देऊ नये, आग लागते. पाण्याचे भांडे आणि विजेची जोडणी यांत अंतर ठेवावे.

'९५ टक्के पिल्ले!'

हा दावा वाचताना विचारावे : कशाच्या ९५ टक्के? पंचवीस अंडी ठेवली, पाच फलित नव्हती, पंधरा पिल्ले निघाली. ठेवलेल्या अंड्यांच्या ६० टक्के, फलित अंड्यांच्या ७५ टक्के. दोन्ही आकडे खरे, पण जाहिरातीत कोणता येईल हे सांगायला नको. शिवाय फलित वीस अंड्यांतून सरासरी पंधरा पिल्ले देणारे यंत्र एका खेपेला तेरा आणि पुढच्या खेपेला सतरा सहज देईल. एका खेपेवरून 'हे यंत्र चांगले, ते वाईट' असा निकाल देणे म्हणजे नाणे चार वेळा उडवून ते खोटे ठरवण्यासारखे आहे.

मग कोणते घ्यावे?

आमच्या मते क्रम असा असावा. पहिला निकष, पंखा आणि तपासता येणारे तापमान. दुसरा, विजेची पर्यायी सोय. तिसरा, दुरुस्ती. किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना असलेल्या या तालुक्यात कसबी हातांची वाण नाही. तेव्हा पंखा, थर्मोस्टॅट, मोटर असे सुटे भाग बदलता येतील असे यंत्र घ्यावे, सीलबंद खेळणे नको. अंड्यांची संख्या आणि किंमत यांचा विचार त्यानंतर. या कसोटीवर पंखा नसलेली पेटी शेवटी बसते आणि पन्नास अंड्यांच्या चकचकीत यंत्रापेक्षा पंचवीस अंड्यांचे साधे, उघडता येणारे यंत्र वर येते.

शाळेसाठी एक अट अधिक. पिल्ले निघाल्यावर ती कुठे जाणार, हे अंडी ठेवण्याआधी ठरलेले असावे. त्यांना पहिला आठवडा सुमारे ३५ अंशांची ऊब लागते, पुढे राणीखेत रोगाची लस लागते, आणि त्यांतले निम्मे कोंबडे असतात. हे ठरलेले नसेल तर अंडी ठेवू नयेत. ठरलेले असेल, तर यंत्राशेजारी एक वही ठेवा : रोजचे तापमान, अंड्यांचे वजन, सातव्या दिवशी प्रकाशासमोर धरल्यावर काय दिसले, किती निघाली, किती नाही. न उबलेली अंडी फोडून गर्भ कोणत्या अवस्थेत थांबला तेही लिहा. पुढच्या खेपेला काय बदलायचे हे यंत्र सांगणार नाही, वही सांगेल.