'पझेशन' : आक्रोशामागील संसार

आन्द्झेय झुवाफ्स्की दिग्दर्शित 'पझेशन' (१९८१) या भयपटातील इझाबेल अजानीचा अभिनय अतिरेकी आहे, हा आक्षेप वरवरचा वाटतो. कान महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार लाभला (तो 'क्वार्टेट'साठीही होता), तो १२४ मिनिटांच्या मूळ चित्रपटासाठी. पश्चिम बर्लिनच्या भुयारी रेल्वेस्थानकातील प्रसंगात ॲना आधी हसते, मग किराण्याची पिशवी भिंतीवर आपटते. दूध सांडते, आणि त्यानंतरच देहावरील ताबा सुटत जातो. पती-पत्नीच्या दीर्घ भांडणांनी हा स्फोट आधीच सिद्ध केलेला असतो. १९८३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या आवृत्तीतून सुमारे ४० मिनिटे वगळली गेली. दांपत्यकलह आक्रसला, राक्षस पुढे आला. त्या आवृत्तीत अजानी नुसतीच किंचाळताना दिसते.