'पोटाचे अस्तर' : एका सुलभ संज्ञेची चिकित्सा

भंडारा जिल्ह्याच्या बोलव्यवहारात, अन्यत्रच्या मराठीप्रमाणेच, 'पोट' हा शब्द उदर व जठर या दोहोंना पुरतो. प्रयोगशाळेत मात्र तो अपुरा पडतो. थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये पेप्सीन या पाचक विकराचा शोध लावला. घोड्याच्या जठरातून ते मिळवावयाचे, तर आतील थर खरवडून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवावा लागतो. परंतु या जठराचा वरचा भाग ग्रंथिहीन असतो. पेप्सीनचे पूर्वद्रव्य खालच्या ग्रंथियुक्त भागातच स्रवते. 'पोटाचे अस्तर' या भाषांतरात हा भेद लोपतो. पाठाचा आरंभ 'पोट' या शब्दाने खुशाल व्हावा. कृतीच्या सूचनेत 'ग्रंथियुक्त श्लेष्मल थर' हीच संज्ञा हवी. अन्यथा भंडाऱ्याचा विद्यार्थी निष्फळ भाग खरवडील आणि दोष मराठीच्या माथी येईल.