उसवलेले कापड, वितळवलेले मणी : मध्ययुगीन आग्नेय आफ्रिकेतील व्यापार, कला व वस्त्र

प्रास्ताविक

मध्ययुगीन आफ्रिकेविषयीच्या लेखनात व्यापार, कला आणि वस्त्र हे विषय प्रायः स्वतंत्र प्रकरणांत विभागलेले आढळतात. व्यापाराच्या प्रकरणात सोने, हस्तिदंत, कापड व काचमणी यांची यादी येते. कलेच्या प्रकरणात शिल्प व वास्तू येतात. वस्त्राचा उल्लेख मात्र आयात मालाच्या यादीपलीकडे क्वचितच जातो. या विभागणीमुळे आफ्रिकी समाज केवळ कच्चा माल देणारा व तयार माल घेणारा ठरतो. लिंपोपो नदीच्या खोऱ्यापासून किल्वा बंदरापर्यंतच्या पुराव्यांच्या आधारे या दृष्टिकोनाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्यापाराची साखळी

झिम्बाब्वेच्या पठारावरील सोने सोफाला बंदरात व तेथून किल्वा येथे जात असे. इब्न बतूता 1331 मध्ये किल्वा येथे आला, तेव्हा हे नगर भरभराटीस आलेले होते. तेथील सुलतान अल-हसन इब्न सुलेमान याच्या नावाचे तांब्याचे नाणे ग्रेट झिम्बाब्वे येथे सापडले आहे. चिनी व इराणी भांड्यांचे अवशेषही तेथे मिळाले. किनारा व अंतर्भाग यांचा संबंध यावरून निर्विवाद ठरतो. तथापि, माल कोठून आला हे कळल्याने त्याचे पुढे काय झाले हे कळत नाही. खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

मणी : साच्यातील पुनर्जन्म

मापुंगुब्वे टेकडीजवळील के-टू या वसाहतीत (सुमारे 1000 ते 1220) सागरी मार्गाने आलेले लहान काचमणी वितळवून, मातीच्या साच्यांत ओतून मोठे मणी घडविले जात. बाहेरून आलेली वस्तू जशीच्या तशी न स्वीकारता तिला कच्चा माल मानून आपल्या अभिरुचीचा आकार देणे, ही निश्चितच कलानिर्मितीची कृती होय. हे मणी केवळ ‘आयात’ या सदरात मोजले, तर त्यांचे घडविणारे हात इतिहासातून वगळले जातात.

वस्त्र : उसवणे आणि विणणे

वस्त्राच्या बाबतीतही हीच प्रक्रिया दिसून येते. पोर्तुगीज अधिकारी दुआर्ते बार्बोसा याने सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सोफाल्याविषयी लिहिताना नोंदविले आहे की, तेथील मुसलमान पांढरे सुती कापड विणत. खंबायतेचे निळे व रंगीत कापड उसवून त्याचे धागे आपल्या पांढऱ्या सुतात मिसळत आणि अशा रंगीत कापडाच्या मोबदल्यात पुष्कळ सोने मिळवीत.

बार्बोसा याचे कारण उणिवेत शोधतो : त्यांना रंगकाम येत नसावे अथवा रंग उपलब्ध नसावेत. हे कारण अंशतः खरे असू शकेल. परंतु ते पुरेसे नाही. केवळ रंगीत वस्त्र हवे असते, तर खंबायतेचे कापड तसेच विकता आले असते. ते उसवून पुन्हा विणण्याचे श्रम घेतले जात होते, याचा अर्थ त्या नव्या वस्त्राला ग्राहकांच्या लेखी वेगळे मोल होते, असे म्हणता येईल. शिवाय मापुंगुब्वे व ग्रेट झिम्बाब्वे येथे चातीच्या चकत्या मिळाल्या आहेत. म्हणजेच सूतकताई अंतर्भागातही रुजली होती. कापड कुजते, चकती टिकते. संग्रहालयात मात्र अशा चकतीकडे कलेचा पुरावा म्हणून क्वचितच पाहिले जाते.

कलेचे श्रेय

मापुंगुब्वे येथील सोन्याचा गेंडा लाकडी गाभ्यावर सोन्याचा पातळ पत्रा बसवून, बारीक सुवर्णखिळ्यांनी जडविलेला होता. निर्यातीचे सोने येथे स्थानिक राजवैभवाचे प्रतीक बनले. ग्रेट झिम्बाब्वेचे श्रेय मात्र दीर्घकाळ परकीयांना दिले गेले. 1871 मध्ये कार्ल माउख याने त्या वास्तूंचा संबंध शेबाच्या राणीशी जोडला. डेव्हिड रँडल-मॅकायव्हर (1905) व गर्ट्रूड केटन-थॉम्पसन (1929) यांच्या उत्खननांनी त्या आफ्रिकी असल्याचे दाखवून दिले. वास्तूबाबत दूर झालेला हा पूर्वग्रह वस्त्र व मणी यांच्याबाबत ‘बाह्य प्रभाव’ या सौम्य शब्दांत अद्याप टिकून आहे.

समारोप

भारतीय अभ्यासकांनी या संदर्भात विशेष सावध राहावयास हवे. खंबायतेचे कापड आफ्रिकेपर्यंत पोहोचले, याचा सार्थ अभिमान बाळगताना आपणही नकळत तीच चूक करतो : पाठविणारा तेवढा कर्ता आणि घेणारा केवळ ग्राहक. खंबायतेच्या रंगाऱ्याइतकेच सोफाल्याच्या विणकराचेही कर्तृत्व त्या वस्त्रात गुंफलेले आहे. म्हणून व्यापार, कला व वस्त्र यांचे अध्यापन एकाच प्रकरणात होणे आवश्यक आहे. माल बंदरात उतरला, येथे व्यापाराचा अध्याय संपत असेल. कलेचा अध्याय मात्र तेथेच आरंभ होतो.