पाकिटातला बाप

मालिकेत डीएनए चाचणीचं पाकीट आलं की सगळं घर दिवाणखान्यात जमलेलं असतं. सासूबाई सोफ्याच्या मधोमध, सून देवघराच्या बाजूला, कारस्थान करणारी जिन्याच्या पायरीवर. नायक पाकीट फोडतो. कॅमेरा एकेका चेहऱ्यावर जाऊन परत येतो, मागे वीज कडाडते आणि कागद वाचून व्हायच्या आत भाग संपतो. पुढच्या आठवड्यात कळतं की अहवाल बदललेला होता. मग दुसरी चाचणी, दुसरं पाकीट. मूल मात्र या सगळ्या काळात आतल्या खोलीत असतं. त्याला कुणी काही सांगत नाही आणि विचारतही नाही.

हे प्रसंग गोरेगावच्या चित्रनगरीत, मढच्या बंगल्यांत, घोडबंदर रस्त्यावरच्या स्टुडिओंत चित्रित होतात. त्यांची कथानकं अंधेरीतल्या कचेऱ्यांमध्ये ठरतात. आणि त्याच अंधेरीत, बोरिवलीत, घाटकोपरला, मुलुंडला मोठ्या रस्त्यांवर वंध्यत्व उपचार केंद्रांच्या पाट्या दिसतात. संध्याकाळी मालिका बघणाऱ्या घरांपैकी कितीतरी घरांत आयव्हीएफ, दात्याचे शुक्राणू, दात्रीचं स्त्रीबीज हे शब्द दबक्या आवाजात का होईना, बोलले गेलेले असतात. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली मुंबईची पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्याला आता जवळजवळ चार दशकं झाली. मुंबई या विषयात एवढी जुनी आहे, पण मुंबईचा छोटा पडदा तिच्या फार मागे आहे. जनुकं त्याला कळतात ती फक्त पुरावा म्हणून. दात्याच्या मदतीने झालेलं मूल वाढवणं म्हणजे काय, हा प्रश्न त्याने अजून हातातच घेतलेला नाही.

‘रंग माझा वेगळा’ हे मराठीतलं सर्वांत ठळक उदाहरण. स्टार प्रवाहवर २०१९ ते २०२३ चाललेली ही मालिका मल्याळम ‘करुतमुत्तू’वरून आली. सावळ्या दीपाचं लग्न डॉक्टर कार्तिकशी होतं. आपण बाप होऊ शकत नाही असा कार्तिकचा समज करून दिला जातो, त्यामुळे दीपा गरोदर राहिल्यावर तो तिच्यावरच संशय घेतो. जुळ्या मुली होतात, एक आईकडे वाढते आणि दुसरी बापाच्या घरी. पुढे कित्येक महिने मालिका डीएनए चाचणीभोवती फिरत राहते. रेश्मा शिंदे आणि हर्षदा खानविलकर यांनी आपापल्या भूमिकांत जीव ओतला, त्यामुळे प्रेक्षक टिकला. पण पायाच कच्चा होता. वंध्यत्वाचा एक कागद डॉक्टर असलेला माणूस दुसऱ्या तपासणीशिवाय वर्षानुवर्षं खरा मानतो, आणि पुरुषाचं वंध्यत्व पडद्यावर येतं ते बायकोच्या चारित्र्यावर चिखल उडवण्यापुरतं. दात्याचे शुक्राणू वापरून बाप होता येतं, दत्तक घेऊन बाप होता येतं, ही वाक्यं त्या घरात कुणी मनापासून उच्चारत नाही. रंगाविषयीच्या पूर्वग्रहावर बोट ठेवणाऱ्या मालिकेने गोऱ्या अभिनेत्रीला मेकअपने सावळं केलं, त्याबद्दलही टीका झाली. ती टीका रास्तच होती.

प्रत्यक्ष न्यायालयात हे पाकीट इतक्या सहज फुटत नाही. भारतीय पुरावा कायद्याचं कलम ११२, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ११६ झालं आहे, लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच मानतं. पतिपत्नींचा त्या काळात संबंध येणं शक्यच नव्हतं हे सिद्ध झालं तरच त्याला अपवाद. फेब्रुवारी २०२३मध्ये पुण्यातल्या एका दांपत्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या डीएनए चाचणीचा आदेश रद्द केला. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करायचा असेल तर त्याने दुसरे पुरावे आणावेत, त्यासाठी मुलाच्या जन्माची झडती घ्यायची नाही, असा त्या निकालाचा रोख होता. न्यायाधीशांनी तिथे मुलाच्या बाजूने विचार केला. मालिकेच्या दिवाणखान्यात तो विचार करणारं पात्रच नसतं.

सरोगसीची गोष्ट याहून बिकट आहे. ‘गुम है किसीके प्यार में’ ही स्टार प्लसची हिंदी मालिका, पण घर नागपूरच्या चव्हाणांचं आणि नायिका गडचिरोलीची सई जोशी. त्यामुळे मराठी घरांत ती आपली म्हणून पाहिली गेली. २०२२मध्ये सई आणि तिचा नवरा विराट सरोगसीचा निर्णय घेतात. ठरलेल्या बाईऐवजी विराटची वहिनी पाखी डॉक्टरला हाताशी धरून स्वतःच त्यांचा गर्भ पोटात वाढवते. पुढे लीप येतो, म्हणजे कथा काही वर्षं पुढे उडी मारते. सईला वाटतं मूल गेलं, आणि तोच मुलगा विनायक विराट आणि पाखीकडे दत्तक म्हणून वाढत असतो.

सरोगसी नियमन कायदा २५ जानेवारी २०२२पासून लागू झाला होता, म्हणजे या ट्रॅकच्या आधीच. त्या कायद्यानुसार सरोगेट बाई विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली हवी, २५ ते ३५ वयाची हवी, तिला स्वतःचं मूल असायला हवं, आयुष्यात एकदाच ती हे करू शकते आणि तिचा ३६ महिन्यांचा विमा काढावा लागतो. पाखीला स्वतःचं मूल नाही, म्हणजे पहिल्याच पायरीवर तिचा अर्ज बाद व्हायला हवा. एक वकील किंवा एक समुपदेशक कथेत आला असता तर हा ट्रॅक उभाच राहिला नसता, आणि त्या जागी अधिक खरं नाट्य उभं राहिलं असतं. पात्रता प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालणारं जोडपं, संमतीपत्रावर सही करताना थबकलेला हात, नातेवाइकांत ‘कोण तयार होईल’ याची चाचपणी, होकार देणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नवऱ्याचं आणि मुलांचं काय, हे सगळं नाट्यच आहे. त्यासाठी डॉक्टरला ब्लॅकमेल करावं लागत नाही.

‘ये है मोहब्बतें’मध्येही इशिताचं आणि रमणचं मूल रमणच्या पहिल्या बायकोच्या, शगुनच्या पोटात वाढलं आणि लीपनंतर पीहू शगुनलाच आई मानत मोठी झालेली दिसली. पण या मालिकेचा गाभा वेगळा आणि चांगला होता. मंजू कपूर यांच्या ‘कस्टडी’ या कादंबरीवरून आलेली ही कथा मूल न होणाऱ्या दंतवैद्य बाईला नायिका करते. तिचंच मराठी रूप ‘प्रेमाची गोष्ट’ सप्टेंबर २०२३पासून स्टार प्रवाहवर आलं. मुक्ता गोखले सागर कोळीच्या घरात येते ती त्याच्या लहान मुलीसाठी, सईसाठी. तेजश्री प्रधान यांनी रंगवलेली मुक्ता सुरुवातीच्या भागांत सईशी ज्या सहजतेने बोलते, त्यात पालकत्वाचं खरं दर्शन आहे: रोजचा डबा, शाळा, रुसवा, समजूत. जन्म न देता आई होता येतं हे मालिकेने लाखो घरांत पोचवलं, त्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. तिची मर्यादा अशी की वाढवणारी आई थोर ठरवण्यासाठी जन्म देणाऱ्या सावनीला खलनायिका व्हावं लागलं. दोन्ही बायका आपापल्या परीने मुलीच्या असू शकतात, ही शक्यता दैनंदिन मालिकेला परवडत नाही. आठवड्याला सहा भाग चालवायचे, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे बघायचे, तर गुपित जितकं लांबेल तितकं बरं असतं. गुपित फुटलं की गोष्ट संपते. दात्याच्या मदतीने आईबाप झालेल्या घरांची गोष्ट मात्र गुपित सांगितल्यानंतर सुरू होते.

मराठी सिनेमा आणि रंगभूमी इथे मालिकांच्या पुढे होते, हे विसरता कामा नये. प्रशांत दळवींच्या ‘ध्यानीमनी’ने मूल नसलेल्या बाईने मनात उभा केलेला मुलगा रंगमंचावर आणला. पुढे २०१७मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी त्याचा चित्रपट केला. वांझपणाचा शिक्का बाईचं काय करतो, हे त्यात कुठलीही चाचणी न दाखवता कळतं. अमोल पालेकरांचा ‘अनाहत’ २००३चा. सुरेंद्र वर्मांच्या हिंदी नाटकावर आधारलेला. मल्लराज्याचा राजा मूल देऊ शकत नाही, म्हणून राणी शीलवतीने एका रात्रीसाठी परपुरुष निवडावा असा राज्याचा आग्रह. अनंत नाग आणि सोनाली बेंद्रे यांच्या या चित्रपटात नियोगाकडे पाहिलं आहे ते राणीच्या बाजूने. वारस राज्याला हवा, पण शरीर तिचं, आणि त्या रात्री तिला जे उमगतं त्यावर राज्याचा हक्क नाही. महाभारतातल्या अंबिका आणि अंबालिकेला जे विचारलं गेलं नाही, ते पालेकरांनी शीलवतीकरवी विचारलं. दात्याची मदत घेताना बाईच्या मनात काय चालतं यावर मराठीत याहून धीट काम सापडणं कठीण.

समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ या यादीत मानाच्या जागी बसतो. पोरे स्वतः वकील, आणि त्या व्यवसायातूनच त्यांना हा विषय भेटला. विदर्भातली यशोदा परदेशी बाईचं मूल पोटात वाढवते. बाळात व्यंग असेल असं कळल्यावर ती बाई निघून जाते आणि गोरागोमटा माधव गावात वऱ्हाडी बोलत मोठा होतो. चित्रपटाचं सगळं बळ त्या मुलात आहे. त्याचं रंगरूप एक सांगतं, त्याची भाषा दुसरं, आणि गावाला त्यात काही विचित्र वाटत नाही. जनुकं आणि संगोपन यांचा वाद पोरे यांनी एका पोराच्या तोंडच्या बोलीत मिटवला. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लक्ष्मण उतेकरांनी २०२१मध्ये यावरून हिंदीत ‘मिमी’ केला. क्रिती सेनॉनला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि सई ताम्हणकरचं मोठं कौतुक झालं. पण ‘मिमी’ने एक पळवाट काढली. पोटातल्या बाळाला डाउन सिंड्रोम आहे म्हणून परदेशी जोडपं पळून जातं, आणि बाळ जन्मतं ते ठणठणीत. डाउन सिंड्रोम असलेलं मूल मिमीने वाढवलं असतं का, हा खरा प्रश्न पटकथेने टाळला. तसं मूल वाढवणारे आईबाप प्रेक्षकांतही असतात, त्यांच्या वाट्याला त्यातून काही आलं नाही.

हिंदी सिनेमाने दात्याला नायक केलं ते ‘विकी डोनर’मध्ये, २०१२ साली. जूही चतुर्वेदी यांची पटकथा आणि शूजित सरकार यांचं दिग्दर्शन यांनी एक अवघड विषय घराघरांत बोलता केला, हे मोठं काम झालं. शेवटी विकीच्या शुक्राणूंतून जन्मलेली पन्नासहून अधिक मुलं एका समारंभात एकत्र दिसतात. आजचा कायदा तसं होऊ देणार नाही. २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार एका दात्याची बीजं एकाच जोडप्याला देता येतात. स्त्रीबीज देणारी बाई आयुष्यात एकदाच देऊ शकते, तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं घेता येत नाहीत. त्या चित्रपटात उत्तम कुळाच्या, उत्तम वाणाच्या बीजाची जी भाषा आहे, ती आज ऐकताना खटकते. २०१९च्या ‘गुड न्यूज’मध्ये मुंबईचे बत्रा आणि चंदीगडचे बत्रा यांच्या बीजांची अदलाबदल होते. दुसऱ्याचं बीज बायकोच्या पोटात आहे हे कळल्यावर नवऱ्याचं बिथरणं आणि हळूहळू वळणं, हा त्यातला खरा भाग.

या सगळ्यात स्त्रीबीज देणारी बाई कुठेच नाही. शुक्राणूदात्याला गाणी मिळतात, सरोगेट आईला डोहाळे मिळतात, पण दहा-बारा दिवस इंजेक्शनं घेऊन, भूल देऊन बीजं काढून घेतलेली बाई पडद्यावर येत नाही. २०१०मध्ये मुंबईत १७ वर्षांच्या एका कामगार मुलीचा स्त्रीबीज दान केल्यानंतर मृत्यू झाला, आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अशा मुलीची गोष्ट मराठीत लिहिली जायला हवी होती. तिचं घर, तिचे पैसे कुठे गेले, तिला काय सांगितलं गेलं, हे कुणीतरी नाटकात, सिनेमात विचारायला हवं होतं.

ऑगस्ट २०२४मध्ये त्याच उच्च न्यायालयासमोर आलेला खटला तर कुठल्याही पटकथाकाराला सुचला नसता. धाकट्या बहिणीने मोठीला बीज दिलं, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या. पुढे नवरा मुलींना घेऊन वेगळा झाला, बीज देणारी मेहुणी त्याच घरात राहू लागली, आणि बीज तिचं म्हणून मुलींवर तिचाच हक्क, असा दावा झाला. न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी तो फेटाळला. बीज दिल्याने कायद्यातलं आईपण येत नाही असं सांगून त्यांनी मोठ्या बहिणीला दर आठवड्याला मुलींना भेटण्याची मुभा दिली. मालिकेत धाकटी बहीण कारस्थानी ठरली असती. न्यायालयापुढे दोन बायका होत्या, दोघींचं काहीतरी हरवलेलं होतं, आणि मधे पाच वर्षांच्या दोन मुली. तिथे निर्णय मुलींकडे बघून झाला.

बाहेरच्या जगातला पडदा आता मुलांकडे वळला आहे. ऑस्ट्रेलियाची ‘सिस्टर्स’ ही २०१७ची मालिका नामवंत डॉक्टरने स्वतःचं बीज वापरल्याचं उघड झाल्यावर सुरू होते, आणि पुढे एकमेकींना बहिणी म्हणून ओळखायला शिकणाऱ्या बायकांची होते. ब्रिटनमध्ये एप्रिल २००५पासून दात्याचं नाव कायमचं लपवता येत नाही, आणि ऑक्टोबर २०२३पासून अठरा वर्षांची झालेली मुलं ते विचारू लागली आहेत. आपल्याकडे दात्याचा कोणताही पालकहक्क उरत नाही आणि मूल त्या जोडप्याचंच मानलं जातं, हे कायद्याने पक्कं केलं. पण मुलाला कधी, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे आईबापांवर सोडलेलं आहे, आणि तिथे त्यांच्या मदतीला एकही मालिका नाही.

मराठी वाहिन्यांनी यासाठी एक छोटी चौकट परत आणावी. दूरदर्शनवर तेरा भागांच्या मालिका होत आणि त्या चांगल्या होत. तेरा भागांत लीप लागत नाही, बदललेला अहवाल लागत नाही. पहिल्याच भागात मुलीला सांगून टाकावं की तिच्या जन्माला एका अनोळखी माणसाची मदत झाली आहे, आणि उरलेल्या बारा भागांत ती शाळेत, आजोळी, सोसायटीच्या गणपतीत, कॉलेजच्या जीवशास्त्राच्या वर्गात त्याचं काय करते ते दाखवावं. लेखनाच्या टेबलावर एक वकील, एक वंध्यत्वतज्ज्ञ आणि एक समुपदेशक बसवावा. ही माणसं चित्रनगरीपासून दूर राहत नाहीत.