'देवचार' ते 'सैतान' : मराठी ख्रिस्ती साहित्यातील दुष्टात्म्याचे रूप आणि मूळ

मराठी ख्रिस्ती साहित्याची चर्चा करताना आपण ख्रिस्ताच्या मराठी रूपाविषयी पुष्कळ बोलतो. तो ओवीत कसा अवतरला, अभंगात कसा गायिला गेला, 'सद्गुरू', 'प्रभू', 'तारणारा' ही पदे त्याला कशी लाभली, यावर लेख आणि व्याख्याने झाली आहेत. त्याच्या प्रतिपक्षाकडे मात्र समीक्षकांचे लक्ष क्वचितच गेले. सैतान कोण, तो कोठून आला, मराठीत त्याला कोणते नाव मिळाले आणि त्या नावाने आपल्या श्रद्धेवर कोणते संस्कार केले, हे प्रश्न केवळ पंडितांचे नाहीत. नगर जिल्ह्यातील आपल्या धर्मग्रामांत आजही एखाद्या घरी दीर्घ आजार आला, एखादी सून अबोल झाली किंवा विहिरीचे पाणी आटले, की 'सैतानाची बाधा' हा शब्द कोणाच्या तरी ओठी येतो. शब्द सैल वापरला की श्रद्धाही सैल होते. म्हणून या शब्दाचा प्रवास एकदा नीट पाहिला पाहिजे.

आरंभ पवित्र शास्त्रापासून करू. मूळ हिब्रू भाषेत 'सातान' हे विशेषनाम नव्हते. त्याचा अर्थ विरोधक, आडवा येणारा, न्यायासनापुढे आरोप करणारा. गणना या पुस्तकात बलामाची वाट अडविण्यासाठी प्रभूचा दूत उभा राहतो, तेव्हा त्या दूतालाच हा शब्द लावलेला आहे. ईयोब आणि जखऱ्या या पुस्तकांत तो देवाच्या दरबारातील आरोपकर्ता म्हणून येतो आणि त्याच्या नावामागे हिब्रूतील निश्चित उपपद आहे. म्हणजे तेथे तो एक पद सांभाळणारा आहे. दावीद राजाच्या शिरगणतीची कथा तर दोनदा आली आहे. दुसऱ्या शमुवेलात देवाच्या कोपाने राजाला ती बुद्धी होते, आणि नंतर लिहिल्या गेलेल्या पहिल्या इतिहासात तीच चिथावणी सातान देतो. दोन लेखनांमधील काळात इस्राएलाची जाण किती सूक्ष्म झाली, हे या एका फरकावरून कळते. दुष्टाईचा उगम देवाच्या माथी मारता येत नाही, ही ती जाण होय.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात केवळ सर्प आहे. तेथे सैतानाचे नाव नाही. मृत्यू जगात आला तो दियाबलाच्या मत्सरामुळे, ही जोडणी 'ज्ञान' या ग्रीकमध्ये लिहिलेल्या पुस्तकात प्रथम स्पष्टपणे आढळते. हे पुस्तक आपल्या कॅथॉलिक बायबलमध्ये आहे, पण प्रॉटेस्टंट बांधवांच्या 'पवित्र शास्त्रा'त नाही. नगरसारख्या जिल्ह्यात, जेथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून काम केले आणि जेथे दोन्ही पंथांची घरे एकाच आळीत नांदतात, तेथे हा भेद ध्यानी ठेवण्याजोगा आहे. पुढे प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात जुना सर्प, दियाबल आणि सैतान ही सारी नावे एकाच अजगरावर एकवटतात. त्याच्याशी झुंजणाऱ्या मिखाएलाच्या नावाचा अर्थ आहे, 'देवासारखा कोण?' सैतानाच्या अहंकाराला दिलेले सारे उत्तर या एका प्रश्नात आहे.

'लुसिफर' या नावाची गोष्ट आणखी निराळी आहे. यशयाच्या चौदाव्या अध्यायात बाबेलच्या गर्विष्ठ राजाला उद्देशून पहाटेच्या ताऱ्याचे रूपक आले आहे. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात त्या ताऱ्यासाठी 'लुसिफर', म्हणजे प्रकाश वाहून आणणारा, हा साधा शब्द आला. ख्रिस्तसभेच्या आद्य आचार्यांनी ते वर्णन लूकच्या शुभवर्तमानातील, आकाशातून विजेसारख्या पडलेल्या सैतानाशी जोडले आणि ताऱ्याचे नाव पतित दूताला चिकटले. पण त्याच लॅटिन भाषेत पास्काच्या जागरणविधीतील घोषणागीत ख्रिस्तालाच कधीही न मावळणारा 'लुसिफर' म्हणते! नावात दुष्टाई नसते, हे आपली उपासनाच आपल्याला शिकविते.

या पार्श्वभूमीवर 'ख्रिस्तपुराणा'कडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुख्यतः सासष्टीत राहिले. त्यांचे पुराण १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ 'पहिले पुराण' आणि 'दुसरे पुराण' अशा दोन भागांत आहे. देवदूतांची निर्मिती आणि त्यांतील काहींचे पतन ही कथा पहिल्या पुराणाच्या आरंभीच्या भागात येते. मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट' १६६७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे त्या जगप्रसिद्ध इंग्रजी महाकाव्याच्या ५१ वर्षे आधी, एका इंग्रज संन्याशाने तोच विषय मराठी ओवीत आणला होता. मिल्टनचा सैतान इतका तेजस्वी उतरला की पुढील पिढ्यांतील रसिकांना तोच काव्याचा नायक वाटू लागला. स्टीफन्सच्या पुराणात तसा धोका संभवत नाही. तेथे दूतांचे पतन ही मानवाच्या तारणकथेची प्रस्तावना आहे, आणि ग्रंथाचा नायक अखेरपर्यंत ख्रिस्तच राहतो.

स्टीफन्सचे खरे धाडस शब्दयोजनेत आहे. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा शब्द निःशंकपणे घेतला. त्यामुळे श्रोत्याच्या मनात काय घडले असेल याचा विचार समीक्षकाने केला पाहिजे. वैकुंठातून पतन झाल्याची एक कथा त्या श्रोत्याला आधीच ठाऊक होती. ती जय आणि विजय या द्वारपालांची. ऋषींच्या शापाने ते वैकुंठातून च्युत झाले, तीन जन्म विष्णूचे वैरी होऊन राहिले आणि अखेर पुन्हा स्वस्थानी परतले. त्यांच्या वैराकडेही परंपरेने भक्तीचाच एक मार्ग म्हणून पाहिले. लुसिफरच्या पतनाची कथा ऐकणाऱ्या सासष्टीच्या माणसाला हे साम्य जाणवले नसेल असे म्हणवत नाही.

परंतु साम्य जेथे संपते तेथेच ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे. जय-विजय शापाने पडले, तर सैतान स्वतःच्या इच्छेने पडला. त्यांचे पतन मुदतीचे होते. याचा निर्णय मात्र अंतिम आहे, आणि तो देवाची दया अपुरी पडली म्हणून नव्हे, तर देवदूताची निवड पूर्ण ज्ञानाने आणि पूर्ण इच्छेने केलेली असते म्हणून. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने हेच तत्त्व सूत्ररूपाने मांडले. देवाने सैतानाला व इतर दुष्टात्म्यांना स्वभावतः चांगलेच निर्माण केले, ते वाईट झाले ते स्वतःच्या कृतीने, असा त्या शिकवणीचा आशय आहे. याचा अर्थ दुष्टाईला कूळ नाही आणि गोत्रही नाही. दैत्यकुळात जन्मूनही प्रल्हाद भक्त होऊ शकतो, हे आपल्या मातीने जाणले होते. दूतकुळात जन्मूनही कोणी भ्रष्ट होऊ शकतो, ही ख्रिस्ती शिकवणीने त्याला दिलेली जोड आहे.

आता 'देवचार' या शब्दाकडे येऊ. स्टीफन्सनी सैतानासाठी हा शब्द वापरला आणि कोंकणी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात तो आजही त्याच अर्थाने रुळलेला आहे. पण गोव्याच्या हिंदू लोकपरंपरेत देवचार म्हणजे गावाचा राखणदार. हाती दांडा घेऊन रात्री शिवेवर फिरणारा, वाट चुकलेल्याला घरी पोचविणारा. ज्याला शेजारी रोट देऊन आपले रक्षण माग, त्याच्याच नावाने आपण नरकाचा अधिपती ओळखू लागलो! स्टीफन्सच्या प्रतिभेविषयी पूर्ण आदर राखूनही येथे समीक्षकाला थांबावे लागते. 'वैकुंठ' हा शब्द घेताना कवीने देशी कल्पनेला उंच नेले, आणि 'देवचार' घेताना तिला खाली ढकलले. पहिल्या कृतीत आदर आहे. दुसरीत त्या काळच्या धर्मप्रसाराची, परक्या देवतांना दुष्टात्मे मानणारी दृष्टी आहे.

या दृष्टीला शास्त्राधार दिला जात असे. शहाण्णवाव्या स्तोत्रात राष्ट्रांच्या दैवतांविषयी मूळ हिब्रू शब्द आहे 'एलिलिम', म्हणजे पोकळ, निःसत्त्व. ग्रीक भाषांतरात त्याचे 'दायमोनिया' झाले, लॅटिनमध्ये 'दैमोनिया'. मुळात जे 'काहीच नाही' होते, ते भाषांतरात 'दुष्टात्मे' झाले. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात संत पौल मूर्तींपुढील अर्पणांचा संबंध भुतांशी जोडतो हे खरे. पण त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात तो मूर्ती म्हणजे वस्तुतः काहीच नाही असेही सांगतो. त्याचा रोख प्रभूच्या मेजावर बसून दुसऱ्या मेजाचीही आस धरणाऱ्या ख्रिस्ती माणसाकडे आहे. शेजाऱ्याच्या आत्म्याचा निवाडा करण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला अगदी जवळून भिडतो. केंदळ, वळण, राहाता, संगमनेर या भागांत जेझुइट धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जी धर्मग्रामे उभी केली, त्यांतील बहुसंख्य घराण्यांचे पूर्वज महार आणि मांग वस्त्यांतून आले. त्या वस्त्यांच्या कडेला मरीआईचे ठाणे असे. शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा असे. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपार नेला जाई. ज्यांना गावाच्या देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांनी संकटात जिचा धावा केला ती ही आई. तिला सैतान म्हणणे म्हणजे आपल्या पणजीने आयुष्यभर सैतानाची पूजा केली असे म्हणणे होय. ख्रिस्तसभा असे म्हणत नाही. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर झालेल्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे स्पष्ट केले. शुभवर्तमान कानी न पडलेल्या, पण प्रामाणिक अंतःकरणाने देवाचा शोध घेणाऱ्यांना तारणाचे दार बंद नाही, हेही त्याच परिषदेने शिकविले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण येथे बोलके आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगर आणि राहुरीच्या परिसरात राबले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. ज्या सेतूवरून चालत आलो तो सैतानाने बांधला असे कोणता कृतज्ञ माणूस म्हणेल? टिळक कॅथॉलिक नव्हते, पण या बाबतीत त्यांची दृष्टी परिषदेच्या कितीतरी आधी परिषदेच्या वाटेवर होती.

आज मराठीत रूढ असलेला 'सैतान' हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला. ज्या नगरात निजामशाहीची राजधानी होती तेथे तो परका वाटण्याचे कारण नाही. समीक्षेच्या दृष्टीने त्याचा एक मोठा गुण असा की तो मराठी मुलखातील कोणत्याही ग्रामदेवतेचे नाव नाही. त्याने कोणाच्या आजीचा अपमान होत नाही. मात्र त्याचा दोष असा की तो फार स्वस्त झाला आहे. खोडकर पोर सैतान, भांडखोर शेजारी सैतान, मिरगी सैतान, खिन्नता सैतान. शब्द असा सर्वत्र उधळला की दोन अनर्थ घडतात. आजारी माणूस डॉक्टरऐवजी देवऋष्याकडे नेला जातो, आणि माणसाने केलेल्या पापाचा दोष दुसऱ्याच्या खाती जमा होतो.

ख्रिस्तसभेची शिस्त याबाबत कडक आहे. महागुरूंच्या स्पष्ट अनुज्ञेवाचून कोणाही धर्मगुरूला भूतनिरसनाचा गंभीर विधी करता येत नाही, आणि त्याआधी हा आजार तर नव्हे ना, याची खात्री करावी लागते. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले आहे. या ठिकाणी ख्रिस्तसभेचा नियम आणि राज्याचा कायदा एकाच दुर्बळ माणसाच्या बाजूने उभे आहेत.

मग सैतान म्हणजे केवळ रूपक समजावे काय? कॅथॉलिक श्रद्धा तसे म्हणत नाही. तो खराच आहे, पण निर्मित आहे. म्हणून मर्यादित आहे. रविवारी आपण श्रद्धेचा जो अंगीकार करतो त्यात त्याचे नावही नाही, कारण आपण त्याच्यावर श्रद्धा ठेवीत नाही. त्याचे नाव येते ते स्नानसंस्कारात आणि पास्काच्या जागरणात, त्याला नाकारण्यासाठी.

याच जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या नेवाशात, १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचे विवरण आहे. दंभ, दर्प, क्रोध हे असुर तेथे माणसाच्या आत शोधले आहेत, आणि ग्रंथाच्या शेवटच्या प्रार्थनेत दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढेच मागितले आहे. पतित दूताविषयी आपली शिकवण निराळी असली, तरी जिवंत माणसाविषयी ही प्रार्थना शुभवर्तमानाच्या फार जवळची आहे.

पुढील मराठी ख्रिस्ती लेखकांकडून म्हणून एवढीच अपेक्षा. सैतानाचे चित्र काढताना त्यांनी शेजाऱ्याच्या दैवताचा चेहरा उसना घेऊ नये, रुग्णाचाही घेऊ नये. पास्काच्या रात्री धर्मगुरू विचारतात, 'सैतानाचा त्याग करता काय?' त्या वेळी हातात पेटलेली मेणबत्ती असलेला प्रत्येक जण स्वतःपुरते उत्तर देतो. आपल्या सुनेच्या, शेजाऱ्याच्या किंवा गेलेल्या पणजीच्या वतीने ते उत्तर कोणालाच देता येत नाही.