मुस्तफा, हॅना आणि पिठाचा कोंबडा

गेल्या दिवाळीत दादाकडे त्याचे नेपानगरचे जुने मित्र जमले होते. चाळिशी ओलांडलेली ही मंडळी. मिल, शाळा, स्टेशनवरचा चहा असं करत करत गप्पा ‘मुस्तफा’वर आल्या आणि सगळ्यांचे चेहरे एकदम तेरा वर्षांचे झाले. एकजण म्हणाला, “आपलं बालपण म्हणजे मुस्तफाच ना यार!” बाकीच्यांनी माना डोलावल्या. आम्ही बायका आत फराळाच्या ताटल्या भरत होतो. चकल्या मोजता मोजता माझ्या मनात आलं, आपलं म्हणजे नेमकं कोणाचं?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मुस्तफा हे त्या खेळाचं खरं नाव नव्हेच. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली तो काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवर तो बेतलेला आहे. गोष्ट सव्विसाव्या शतकातली. पृथ्वीवर डायनासोर परत आलेत आणि माणसं जुन्या मोटारी दुरुस्त करून फिरतायत. खेळाडू चार: जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. आपल्याकडच्या पोरांना त्यातलं एकच नाव ओळखीचं वाटलं, म्हणून अख्ख्या खेळाचं बारसं त्याच नावाने झालं. पिवळी टोपी घातलेला, धावत येऊन लाथ मारणारा मुस्तफा. बुरहानपूरच्या आसपास राहणाऱ्या आम्हाला तर तो शेजारच्या गल्लीतलाच वाटायचा.

आमच्या गावी पार्लर होतं बाजारात, एका दुकानाच्या मागच्या खोलीत. दाराला मळका पडदा, आत अंधार, दोन पेट्या, आणि एक रुपयाचं नाणं टाकलं की सुरू होणारा धडधडाट. पडद्यावर कुणीतरी रंगाने डायनासोर काढला होता, ‘जुरासिक पार्क’मधल्यासारखा. स्पीलबर्गचा तो सिनेमाही १९९३ चाच. आपल्याकडे १९९४ मध्ये तो हिंदीतून आला आणि लहान गावांतही डायनासोरचं वेड पसरलं. दादा मला छातीठोकपणे सांगायचा, “हा त्याच पिक्चरचा गेम आहे.” मीही ते खरं मानलं. खरं म्हणजे त्या सिनेमाचा आर्केड खेळ वेगळा होता. सेगा कंपनीने तो १९९४ मध्ये काढला, त्यात जीपच्या सीटवर बसून गोळ्या झाडायच्या असत. तो आमच्याकडे कधी आला नाही. पण आठवणीत ही दोन्ही एक झाली आहेत. दादाचे मित्र अजूनही सिनेमातला प्रसंग खेळात घालतात आणि खेळातला सिनेमात.

एक गोष्ट मात्र कुणालाच आठवत नाही. ‘जुरासिक पार्क’मधले सगळे डायनासोर माद्या होत्या. शास्त्रज्ञांनी मुद्दाम तसं केलं होतं, वंश वाढू नये, सगळं आपल्या ताब्यात राहावं म्हणून. आणि त्या ताब्यात राहिल्या नाहीत. हे मी बायकांच्या भिशीत सांगितलं तेव्हा जो हशा पिकला, तो दादाच्या मित्रांना कळला नसता.

असो. मी पार्लरच्या आत कधी गेले नाही. कुणी पाटी लावली नव्हती की मुलींना मनाई आहे. पाटीची गरजच नव्हती. आईने दादाला जेवायला बोलवायला मला पाठवलं की मी पडद्याबाहेर उभी राहून हाका मारायची. आतून कुणीतरी ओरडायचं, “अरे, तेरी बहन आई!” आणि सगळे हसायचे. पडद्याच्या फटीतून मला हिरवा-पिवळा उजेड दिसायचा, तेवढाच माझा मुस्तफा.

समीक्षेचा मुद्दा इथेच आहे. हा आर्केड खेळ अधिकृतपणे घरातल्या यंत्रांवर कधी आलाच नाही. त्याच नावाचा सेगा सीडीवर आला तो वेगळाच खेळ होता. म्हणजे सिनेमा टीव्हीवर लागायचा, कॉमिक कुणीतरी घरी आणायचं, पण हा खेळ फक्त पडद्यामागच्या खोलीत होता. ज्याला त्या खोलीत जाता आलं, त्याचंच ते बालपण. आठवण सुद्धा दाराशी अडवली जाते. मिल कॉलनीतल्या माझ्या वयाच्या मैत्रिणींना विचारा, त्यांना सागरगोटे आठवतील, भोंडल्याची खिरापत आठवेल. मुस्तफा आठवेल तो हाक मारायला गेलेल्या बहिणीसारखा, बाहेरून.

पुढे २००० नंतर हा खेळ कॉम्प्युटरवर चालवायची चोरवाट निघाली. घरोघरी सीडी फिरल्या. लग्नानंतर सासरच्या कॉम्प्युटरवर, दुपारी सगळे झोपले असताना, मी तो पहिल्यांदा खेळले. आणि मी हॅना घेतली.

हॅनाला कुणी घेत नसे. दादा म्हणतो, “तिसरा आला की उरलेलं घ्यायचा, तरी हॅना नको म्हणायचा. लडकी कौन लेगा?” पण खेळून बघा. मुस्तफा चपळ आहे, मेस ताकदवान आहे, आणि हॅना हाताला लागलेली वस्तू वापरण्यात सगळ्यांत तरबेज. मिळेल त्या वस्तूवर निभावून नेणं! हे कौशल्य कुणाचं, ते आपल्याला सांगायला नको. मूळ कॉमिकमध्ये ती दुसऱ्या प्रांताची राजदूत आणि अभ्यासक आहे, तिच्यामुळे कथा पुढे जाते. खेळात मात्र तिचा अभ्यास गेला, तोकडे कपडे राहिले. ही या खेळाची मोठी खोट आहे आणि आठवणीच्या भरात ती झाकू नये.

दुसरा मुद्दा आपल्या घरांतला. दादा पार्लरला जातो हे आजीला कळलं तेव्हा तिने विचारलं, “तिथं करतात काय?” दादा म्हणाला, “खोटं खोटं मारतात.” आजीने त्याला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. आईच्या हट्टापायी राजाने जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा करून देवीपुढे बळी दिला. कोंबडा पिठाचाच, पण मारण्याचा भाव खरा. त्यापायी माय-लेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत फिरावं लागलं. आजी म्हणाली, “पीठ मेलं नाही रे बाप्पा, राजाचं मन मेलं.”

मला ही गोष्ट तेव्हा फार कडक वाटायची. उजेडाचे ठिपके आणि पाप? पण खेळताना मी सुरुवातीचा इंग्रजी मजकूर वाचला, जो पार्लरमधली पोरं बटणं बडवत पुढे ढकलायची. त्यात लिहिलं होतं की शिकारी टोळ्या डायनासोरांची कत्तल करतायत आणि हे चौघे ती थांबवायला निघालेत! म्हणजे कथा जीवरक्षणाची. मात्र वाटेत डायनासोर चवताळून आडवा आला की त्यालाही बडवावंच लागतं. कथा एक सांगते, हात दुसरंच करतात. आजीने नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. दादाला मी हे सांगितलं, तर तो चाट पडला. शेकडो नाणी घालूनही आपण कुणाला वाचवायला निघालो होतो हे त्याला माहीत नव्हतं.

तरी एक गोष्ट दादाच्या बाजूने लिहिली पाहिजे. त्या खेळात पिंपं फोडली की खायचं मिळतं, ते उचललं की जीव वाढतो. त्यात मांसही असतं. आजीच्या गोष्टीनंतर दादा ते उचलायचा नाही. मित्र चिडवायचे, तो लवकर मरायचा, रुपया वाया जायचा. हे त्याने परवा पहिल्यांदा सांगितलं, जरा लाजतच. पिठाचा कोंबडा ओळखायला शिकलेलं पोर त्या अंधारात होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

म्हणून या खेळाला मी वाईट म्हणत नाही. तिघांनी एका पेटीशी खांद्याला खांदा लावून खेळायचं, एक पडला की दुसऱ्याने सांभाळून घ्यायचं, हे त्याचं खरं बळ. ते आठवून पुरुष हळवे होतात ते खोटं नाही. माझी तक्रार एवढीच की ‘आपलं’ हा शब्द जपून वापरा.

फराळ झाल्यावर दादाने लॅपटॉप उघडला. त्याने मुस्तफा घेतला, मी हॅना. दुसऱ्या टप्प्यात तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “तू बाहेर उभी असायचीस ना, ते दिसायचं मला. पोरं हसतील म्हणून आत बोलावलं नाही.”

मी म्हटलं, “समोर बघ, शिकारी आलेत.”